पिछाडीचा शिलेदार

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

फुटबॉलचा सामना पाहावयास जमलेल्या लोकांची दृष्टि कोठें खिळलेली असते, हें आपण कधीं न्याहाळलें आहे काय? ती चेंडूवर असते, आणि चेंडूहूनहि अधिक ती चेंडू पुढें घेऊन जाणाऱ्या गड्यावर असते. त्यानें गोल केला कीं टाळ्यांचा कडकडाट होतो, सोबती त्याला खांद्यावर घेतात, आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत त्याचें नांव छापून येतें. परंतु त्याच वेळीं मैदानाच्या दुसऱ्या टोंकाला, आपल्या गोलाच्या अलीकडे, एखादा गडी कमरेवर हात ठेवून उभा असतो. घटकाभरापूर्वीं त्यानें प्रतिपक्षाचा हल्ला परतविलेला असतो, आणि त्याच्याच पायापासून निघालेला चेंडू पुढें जाऊन गोल झालेला असतो. त्याच्याकडे कोणी पाहत नाहीं. लोकांना त्याची आठवण होते ती एकाच वेळीं. त्याची चूक झाली म्हणजे!

आपल्या इतिहासांत तसें नाहीं. पावनखिंडींत पिछाडी सांभाळणाऱ्या बाजीप्रभूंना महाराष्ट्र विसरलेला नाहीं. पण खेळाच्या मैदानावर पिछाडीच्या माणसाच्या वांट्याला ही कृतज्ञता क्वचितच येते. अशाच एका पिछाडीच्या गड्याची, बंगालच्या शैलेन मन्ना यांची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें.

आपण म्हणाल, या शाळामास्तराला फुटबॉलशीं काय कर्तव्य? खरें आहे. मी हाडाचा खेळाडू नव्हे. मॅट्रिक होऊन शाळेंत चिकटलों, मराठी व इतिहास हे विषय शिकविले, आणि वय झाल्यावर निवृत्त झालों. आमच्या शाळेंत खेळाच्या तासावर देखरेख करण्यास निराळा शिक्षक नव्हता, म्हणून ती शिटी माझ्या गळ्यांत पडली. नियमांचें पुस्तक आणून मी तें पाठ केलें आणि मुलांबरोबर मीहि शिकलों. परंतु गळ्यांत शिटी असली म्हणजे माणसाला आपल्या अधिकाराचा थोडा ताठा चढतो. त्या ताठ्याच्या भरांत मीं एक चूक केली. ती आधीं सांगितल्यावांचून मन्नांची गोष्ट मला सांगतां यावयाची नाहीं.

पंचवीसएक वर्षें होऊन गेलीं असतील. शाळाशाळांमधील सामन्यांत आमचा संघ प्रथमच बराच पुढें गेला होता. संघांत एक मुलगा बॅकच्या जागेवर खेळे. अंगानें थोराड, बोलण्यांत अबोल. त्या दिवशीं प्रतिपक्षाच्या मुलांना त्यानें गोलाजवळ म्हणून फिरकूं दिलें नाहीं. सामना बरोबरींत होता आणि थोडा वेळ उरला असतां आम्हांला पेनल्टी मिळाली. सगळ्यांत जोरदार किक त्याचीच, म्हणून मींच त्याला खूण करून पुढें बोलाविलें. त्यानें चेंडू मारला, तो आडव्या दांडीवरून बाहेर गेला. पुढें जादा वेळांत आमच्यावर एक गोल झाला आणि आम्हीं हरलों. सामना संपल्यावर साऱ्या मुलांदेखत मीं त्याला म्हटलें, "आज तुझ्यापायीं शाळेचें नाक कापलें गेलें." तो कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवसापासून तो मैदानावर आला नाहीं, आणि मींहि त्याला बोलाविलें नाहीं.

ही गोष्ट मी विसरूनहि गेलों होतों. २०१२ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या अखेरीस वर्तमानपत्रांत शैलेन मन्ना यांच्या निधनाची बातमी आली. २७ फेब्रुवारीस कोलकात्यास वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षीं ते वारले होते. बातमींत त्यांच्या सन्मानांची यादी होती, आणि त्या यादीच्या शेजारींच १९४८ सालीं त्यांच्याकडून हुकलेल्या एका पेनल्टीचाहि उल्लेख होता. मी चपापलों. चौसष्ट वर्षांपूर्वीं हुकलेला एक चेंडू मृत्युलेखांतहि या माणसाची पाठ सोडीत नव्हता! त्या दिवसापासून मन्नांविषयीं जें जें हातीं लागेल तें मी वाचीत गेलों. त्यांतून मला जें दिसलें, तें आतां क्रमानें सांगतों.

शैलेन मन्ना यांचा जन्म १ सप्टेंबर १९२४ रोजीं हुगळीच्या पश्चिम तीरावरील हावड्यास, ब्यांट्रा या भागांत झाला. १९४० सालीं ते हावडा युनियन या क्लबाकडून खेळूं लागले, आणि १९४२ सालीं नदी ओलांडून कलकत्त्याच्या मोहन बागान क्लबांत आले. तेथें ते १९६० पर्यंत राहिले. एकोणीस हंगाम एकाच क्लबाची पिछाडी त्यांनीं सांभाळली.

मोहन बागान हें नांव बंगाली माणसाला केवळ एका क्लबाचें नांव वाटत नाहीं. १८८९ सालीं स्थापन झालेल्या या क्लबानें २९ जुलै १९११ रोजीं आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यांत ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघास दोन विरुद्ध एक गोलांनीं हरविलें. त्या संघांतील एक गडी सोडून सारे अनवाणी खेळले होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळांत, त्यांच्याच बुटांसमोर उघड्या पायांनीं जिंकतां येतें, हा विश्वास त्या दिवशीं बंगालला मिळाला. पुढें याच क्लबांत गोष्ठ पाल नांवाचे विख्यात बॅक होऊन गेले. त्यांना लोक "चीनची भिंत" म्हणत. १९६२ सालीं सरकारनें त्यांना पद्मश्री दिली. फुटबॉलच्या खेळाडूला मिळालेला तो पहिलाच असा मान होता. अशा क्लबांत बॅकची जागा घेणें म्हणजे थोर घराण्याची गादी चालविण्यासारखेंच होतें. अठरा वर्षांच्या मन्नांवर ती जबाबदारी आली.

त्या काळच्या खेळाची रचना येथें थोडी सांगितली पाहिजे. हल्लीं गोलाच्या पुढें चार चार गडी बचावास उभे असलेले आपण पाहतों. तेव्हां आपल्याकडे गोलरक्षकाच्या पुढें दोनच बॅक असत, त्यांच्या पुढें तीन हाफबॅक, आणि सर्वांत पुढें पांच फॉर्वर्ड. म्हणजे प्रतिपक्षाचे पांच जण चाल करून आले आणि मधली फळी फुटली, कीं त्यांना तोंड देण्यास दोघेच उरत. एकानें पुढें सरून चेंडू अडवावा, दुसऱ्यानें मागें राहून त्याची पाठ राखावी, असा त्यांचा परस्परांशीं अबोल करार असे. मन्ना डाव्या बाजूचे बॅक होते. चेंडू कोठें आहे यापेक्षां तो आतां कोठें येणार आहे हें आधीं ओळखावें, तेथें जाऊन उभें राहावें, आणि एका लांब किकेनें चेंडू आपल्या फॉर्वर्डांच्या पुढ्यांत टाकावा, ही या जागेची विद्या. मन्नांची किक दूरवरच्या पल्ल्याची म्हणून प्रसिद्ध होती, आणि दूर अंतरावरून घेतलेल्या त्यांच्या फ्रीकिकचा प्रतिपक्षाच्या गोलरक्षकांना धाक असे. त्याबरोबरच प्रतिपक्षाच्या पायावर न जातां चेंडूवर जाणारा सभ्य गडी म्हणून त्यांची ख्याति होती. बचाव करणाऱ्याला ही सभ्यता किती महाग पडते, हें ज्यानें मैदानावर शिटी वाजविली आहे तोच जाणतो.

आणि हें सारें उघड्या पायांनीं! बोटांना व घोट्याला पट्टी गुंडाळावी आणि मैदानांत उतरावें. कोरड्या जमिनीवर अनवाणी पायाला चेंडूचा स्पर्श कळतो आणि वळण घेणें सोपें जातें. पण बंगालचा फुटबॉल हा पावसाळ्याचा खेळ. चिखल झाला कीं बुटाच्या खिळ्यांना जमिनींत पकड मिळे आणि उघडा पाय घसरे. आपल्या खेळाडूंचें सामर्थ्य आणि आपली उणीव हीं दोन्ही या एकाच गोष्टींत होतीं, हें पुढें दिसून येईलच.

हीं वर्षें कलकत्त्याच्या कठीण काळांतलीं होतीं. युद्ध चाललें होतें, १९४३ सालीं बंगालमध्यें भीषण दुष्काळ पडला, १९४६ सालीं शहर दंगलीनें होरपळलें, आणि १९४७ सालीं स्वातंत्र्याबरोबर प्रांताचे दोन तुकडे झाले. त्यानंतर वर्षाच्या आंत स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघ लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांसाठीं निघाला, आणि त्यांत मन्ना होते. संघाचे कर्णधार होते तालीमेरेन आओ; नागा टेकड्यांतून वैद्यकीच्या शिक्षणासाठीं कलकत्त्यास आलेले, पुढें डॉक्टर झालेले, आणि मोहन बागानमध्यें मन्नांचे सोबती.

३१ जुलै १९४८ रोजीं लंडनजवळ इलफर्ड येथें भारताचा सामना फ्रान्सशीं झाला. आपले बहुतेक गडी अनवाणी उतरलेले पाहून इंग्रज प्रेक्षकांना मोठें नवल वाटलें. याविषयीं विचारलें असतां आओ यांनीं, आम्ही खेळतों तो फुटबॉल आणि तुम्ही खेळतां तो बूटबॉल, अशा अर्थाचें उत्तर दिल्याचें सांगतात. पूर्वार्धांत फ्रान्सनें एक गोल केला. उत्तरार्धांत सारंगपाणि रामन यांनीं तो फेडला. युरोपांतील एका मोठ्या राष्ट्राशीं आपण बरोबरी केली होती. त्या सामन्यांत भारताला दोन पेनल्टी मिळाल्या. एक मन्नांनीं घेतली, दुसरी महावीर प्रसाद यांनीं. दोन्ही हुकल्या. सामना संपतां संपतां फ्रान्सनें आणखी एक गोल केला आणि आपण दोन विरुद्ध एक असे हरलों.

पेनल्टी ही चीज कशी असते तें पाहा. चेंडू गोलापासून बारा यार्डांवर ठेवतात. गोल आठ यार्ड रुंद आणि आठ फूट उंच. समोर एकटा गोलरक्षक. पाहणाऱ्याला वाटतें, यांत काय अवघड आहे? शाळेंतलें पोरहि मारील! पण सामन्यांत इतर वेळीं चुकलें तर सांवरून घ्यावयास दहा सोबती असतात. येथें कोणी नाहीं. साऱ्या मैदानाचा गलका थांबलेला असतो, आणि सर्वांचे डोळे एका पायाकडे लागलेले असतात. बॅकला आयुष्यभर संवय असते ती धांवत्या चेंडूला उसंत न घेतां दूर झुगारण्याची; येथें चेंडू निश्चल पडलेला असतो आणि विचार करावयास वेळ असतो. तो वेळच वैरी होतो. ज्या गड्याकडे कोणी पाहत नाहीं, त्याच्याकडे सारें जग पाहतें तें नेमकें अशा घटकेला.

बारा दिवसांनीं, १२ ऑगस्ट रोजीं, त्याच ऑलिंपिकमध्यें आपल्या हॉकी संघानें ब्रिटनला चार गोलांनीं हरवून सुवर्णपदक मिळविलें, आणि देशभर आनंदाची लाट उसळली. अशा वेळीं घरीं परतणाऱ्या फुटबॉल संघांतील, त्यांतूनहि पेनल्टी हुकलेल्या तेवीस वर्षांच्या तरुणाच्या मनांत काय आलें असेल, याची कल्पना आपणच करा. त्या तरुणाचें पुढें काय झालें, तें पाहण्याजोगें आहे.

पहिली गोष्ट ही, कीं त्याला कोणी मैदानाबाहेर घालविलें नाहीं. मोहन बागाननें आपली पिछाडी त्याच्याच स्वाधीन ठेवली. त्या वेळीं कलकत्त्यांत मोहन बागानचा कट्टा प्रतिस्पर्धी ईस्ट बंगाल हा क्लब, आणि १९४९ पासून पुढें चारपांच वर्षें त्याच्या आघाडीला वेंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह हे पांच जण खेळत. लोक त्यांना "पंच पांडव" म्हणत. या पांडवांच्या वाटेंत उभें राहण्याचें काम मन्नांचें. भारताच्या संघांत मात्र त्यांपैकीं कांहीं जण मन्नांचे सोबती असत. आज ज्याला अडवावयाचें त्यालाच उद्यां चेंडू पुरवावयाचा, आणि दोन्ही कामें सारख्याच निष्ठेनें करावयाचीं, असा हा व्यवहार होता.

मध्यंतरीं १९५० सालीं ब्राझिलांत भरलेल्या जागतिक स्पर्धेंत खेळण्याची संधि भारताला मिळाली होती. पण आपला संघ गेला नाहीं. अनवाणी खेळण्यास बंदी झाली म्हणून आपण गेलों नाहीं, अशी कथा पुष्कळ वर्षें सांगितली जाते. उतारवयांत मन्नांनीं स्वतःच ती खोडून काढली. त्या काळीं आपल्या लोकांना जागतिक स्पर्धेचें महत्त्वच ठाऊक नव्हतें, ऑलिंपिक हेंच सर्वस्व वाटे, असें त्यांचें सांगणें होतें. स्पर्धेच्या वेळीं मन्ना ऐन पंचविशींत होते. संधि आली आणि गेली. आपल्या अपयशावर गोड कथेचें पांघरूण घालण्याची सोय असतांना त्यांनीं ती घेतली नाहीं, हें मला विशेष वाटतें.

दुसरी गोष्ट अशी, कीं इलफर्डच्या सामन्याला तीन वर्षेंहि झालीं नसतील, तोंच पेनल्टी हुकलेल्या याच माणसाच्या हातीं भारताच्या संघाचें नेतृत्व देण्यांत आलें. १९५१ सालच्या मार्च महिन्यांत दिल्लीस पहिले आशियाई सामने भरले. अकरा राष्ट्रांचे खेळाडू आले होते. फुटबॉल संघाचे शिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, आणि कर्णधार शैलेन मन्ना. भारतानें पहिल्या सामन्यांत इंडोनेशियाला तीन गोलांनीं हरविलें, दुसऱ्यांत अफगाणिस्तानला तीन गोलांनीं हरविलें, आणि अंतिम सामन्यांत मेवालाल यांनीं केलेल्या एका गोलाच्या बळावर इराणवर विजय मिळविला. स्वतंत्र भारताच्या फुटबॉलचें हें पहिलें सुवर्णपदक.

या स्पर्धेची हकीकत सांगतांना सारे मेवालाल यांच्या गोलाचें वर्णन करतात, आणि तें योग्यच आहे. पण हा आंकडा पाहा. तीन सामने, आपण केलेले गोल सात, आपल्यावर झालेला गोल एकहि नाहीं. आम्हां मास्तरांच्या दफ्तरीं शून्य म्हणजे नापास. बॅकच्या प्रगतिपुस्तकांत शून्य हा सर्वांत थोर गुण आहे. अर्थात् त्या शून्यांत गोलरक्षकाचा वांटा होता, दुसऱ्या बॅकचा होता, हाफबॅकांचा होता. पण ती फळी ज्याच्या शब्दावर हालत होती, तो १९४८ सालीं ज्याचा चेंडू हुकला तोच गडी होता. झालेल्या गोलाखालीं नांव लिहितां येतें. न झालेल्या गोलाखालीं कोणाचें नांव लिहावयाचें? तें लिहिण्याची पद्धत नाहीं, म्हणून मी तें आज तोंडानें सांगत आहें.

येथेंच ही गोष्ट संपली असती तर ती एखाद्या बोधकथेसारखी गोड झाली असती. पण खेळ हा बोधकथा लिहीत नाहीं. पुढच्याच वर्षीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें मन्नांच्याच नेतृत्वाखालीं आपला संघ १५ जुलै १९५२ रोजीं युगोस्लाव्हियाशीं खेळला आणि दहा विरुद्ध एक अशा गोलांनीं हरला. आपला एकुलता गोल अहमद खान यांनीं केला. युगोस्लाव्हियाचा संघ सामान्य नव्हता; अंतिम सामन्यांत हंगेरीकडून हरून त्यानें त्या स्पर्धेंत रौप्यपदक मिळविलें. उत्तरेकडील थंडी, परकी जमीन, आणि आपले बरेच गडी अनवाणी! दिल्लीच्या उन्हांत जी विद्या उपयोगी पडली ती तेथें पुरी पडली नाहीं. त्याच हेलसिंकीस आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिलें वैयक्तिक पदक दिलें, म्हणून तें वर्ष महाराष्ट्राला अभिमानाचें वाटतें. मन्नांच्या वांट्याला त्याच गांवीं दहा गोल आले.

कर्णधार आणि त्यांतून बॅक. म्हणजे दहाहि गोलांचा जाब दोन नात्यांनीं त्यांच्याकडेच मागितला जाणार. परंतु या पराभवांतून एक शहाणपणाची गोष्ट घडली. अखिल भारतीय फुटबॉल संघटनेनें त्यानंतर बूट घालून खेळणें आवश्यक ठरविलें. माणसाला घालवून देण्याऐवजीं उणीव घालवून देण्याचें ठरलें. मन्ना तर त्यानंतरहि भारताकडून खेळत राहिले, आणि १९५४ सालच्या मनिलाच्या आशियाई सामन्यांत तेच कर्णधार होते. तेथें आपल्याला पदक मिळालें नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. पण त्याच काळांत भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश व सिलोन या चार देशांमध्यें दरवर्षीं होणारी चौरंगी स्पर्धा आपण १९५२ पासून १९५५ पर्यंत लागोपाठ चार वर्षें जिंकली. पहिल्या वर्षीं मात्र मान पाकिस्तानबरोबर वांटून घ्यावा लागला. पुढें १९५६ सालीं मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्यें आपला संघ चौथा आला आणि १९६२ सालीं जकार्त्यास त्यानें पुन्हां आशियाई सुवर्णपदक मिळविलें. त्या संघांत मन्ना नव्हते. पण ज्या पायऱ्यांवरून तो वर चढला त्यांतल्या खालच्या पायऱ्या मन्नांच्या पिढीनें बांधलेल्या होत्या. दहा गोलांची पायरीहि त्यांतलीच एक.

क्लबाच्या बाजूनें पाहिलें तर मोहन बागाननें १९५३ सालीं ड्युरँड चषक प्रथमच जिंकला, आणि १९५५ सालीं आपल्या मुंबईंत येऊन रोव्हर्स चषकहि प्रथमच नेला. मुंबईच्या जुन्या लोकांना कूपरेजचें मैदान आणि कलकत्त्याच्या संघांचे ते दिवस आठवत असतील.

आतां थोडें त्यांच्या उपजीविकेविषयीं. आजकाल फुटबॉलचा नामांकित खेळाडू एका क्लबांतून दुसऱ्यांत जातो तेव्हां कोट्यवधींचे आंकडे कानांवर येतात. त्यांत वाईट कांहीं नाहीं. ज्याच्या गुणावर लाखो लोक पैसे खर्च करतात त्याला त्याचा वांटा मिळालाच पाहिजे. पण मन्नांच्या वेळीं खेळ हा पोटाचा धंदा नव्हता. ते भूगर्भ सर्वेक्षण खात्यांत नोकरी करीत आणि त्या पगारावर प्रपंच चालवीत. आपल्या जुन्या फौजेंत बारगीर आणि शिलेदार असा भेद असे. बारगिराला घोडा सरकारचा मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा व स्वतःचें हत्यार घेऊन चाकरीस येई. मन्ना हे असे शिलेदार होते. स्वतःची भाकर स्वतः मिळवून त्यांनीं एकोणीस हंगाम एका निशाणाखालीं काढले. सरकारनें १९७१ सालीं त्यांना पद्मश्री दिली, २००० सालीं फुटबॉल संघटनेनें सहस्रकाचा खेळाडू म्हणून त्यांचा गौरव केला, आणि २००१ सालीं मोहन बागाननें त्यांना आपला "रत्न" हा सन्मान दिला. बंगालमध्यें थोर वडील भावाला "दा" म्हणतात. लोकांनीं त्यांना "मन्नादा" केलें. माझ्या मतें हा मान इतर मानांहून कमी नव्हे.

श्रोतेहो, मन्नांच्या चरित्रांत मला जें दिसलें तें हें. माणसाची योग्यता त्याच्या एका चुकीवरून ठरवावयाची नसते, हें आपण सारे तोंडानें म्हणतों. वर्गांत फळ्यावर सुविचार म्हणून मींहि तें कितीदां तरी लिहिलें असेल. पण तें खरें करून दाखवावयाचें तर चुकलेल्या माणसाच्या हातीं पुन्हां काम द्यावें लागतें. नुसती समजूत घालून भागत नाहीं. मन्ना थोर होते यांत शंका नाहीं. परंतु इलफर्डहून परतल्यावर त्यांच्या क्लबानें आणि निवड करणाऱ्यांनीं त्यांना दूर केलें असतें, तर ते थोरपण कोणाला दिसलें असतें? तीन सामन्यांतलें तें शून्य मग कोणाच्या नांवावर मांडलें असतें? चुकलेला गडी पुन्हां उभा राहतो तो निम्मा स्वतःच्या बळावर, आणि निम्मा त्याच्यावर पुन्हां विश्वास टाकणाऱ्याच्या बळावर. मीं माझ्या विद्यार्थ्याला तें निम्में दिलें नाहीं. पेनल्टीसाठीं त्याला पुढें बोलावणारा मीच. हुकल्यावर त्याच्या शेजारीं जाऊन उभें राहण्याचें कामहि माझेंच होतें. तें मीं केलें नाहीं. पाऊण तास त्यानें वांचविलेले गोल मीं मोजले नाहींत, हुकलेला एक चेंडू तेवढा मोजला.

तो मुलगा मला कांहीं वर्षांपूर्वीं बाजारांत भेटला. आतां तो चाळिशीकडे झुकलेला गृहस्थ आहे. त्यानें वांकून नमस्कार केला, माझी पिशवी हातांत घेतली, आणि आम्ही बोलत बोलत घरापर्यंत आलों. त्याचा मुलगा सहावींत आहे, असें तो म्हणाला. मीं सहज विचारलें, "तो फुटबॉल खेळतो कीं नाहीं?" तो हंसला आणि म्हणाला, "नाहीं सर. त्याला आवड आहे, पण मींच जाऊं दिलें नाहीं."

यापुढें मला घास गोड लागेना. आठएक दिवसांनीं मी त्याच्या घरीं गेलों. त्याच्यादेखत त्याच्या मुलाला जवळ बसवून मीं शैलेन मन्नांची गोष्ट सांगितली. आज आपणांस सांगितली तीच, हुकलेल्या पेनल्टीसकट, तीन सामन्यांतल्या शून्यासकट आणि दहा गोलांसकट. शेवटीं त्या मुलाला म्हटलें, "तुझे वडील याच जागेवर खेळत. ते उभे असले म्हणजे आमच्या गोलाकडे कोणाला येतां येत नसे. एकदां चूक झाली; ती त्यांची नव्हे, माझी." वडील खिडकीबाहेर पाहत होते. ते कांहीं बोलले नाहींत. लहानपणापासून ते अबोलच.

मुलगा आतां मैदानावर जातो. तो कोणत्या जागेवर खेळतो तें मीं विचारलेलें नाहीं. कोणत्याहि जागेवर खेळो. परवां मात्र संध्याकाळीं फिरावयास गेलों असतां मला दिसलें, कीं मैदानाच्या कडेला, गोलाच्या जवळ, त्याचे वडील कमरेवर हात ठेवून उभे आहेत. साऱ्यांचे डोळे चेंडूकडे होते. ते मात्र पिछाडीच्या मुलाकडे पाहत होते.

आपल्याहि घरांत, आपल्याहि शाळेंत असा एखादा पिछाडीचा गडी असेल. आज त्याच्याकडे एकवार पाहा, एवढीच विनंति.